यशवंतराव आणि संरक्षण खात्याचा हिशेब

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांनी देशाचे संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी दिल्लीत पोहोचली. महिनाभराची लढाई थांबली होती; पण पराभूत सैन्य, भांबावलेले मंत्रालय आणि संतापलेली संसद हे तिन्ही नव्या मंत्र्याच्या पदरात पडले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्र तेव्हापासून अभिमानाने सांगत आला आहे. भाषणांतून हे इतक्या वेळा सांगितले गेले, की सह्याद्रीने तेथे जाऊन नेमके काय केले, हे विचारायचे बहुतेकांच्या मनातच आले नाही.

मराठी वाचकाला मुख्यमंत्री यशवंतराव ठाऊक आहेत. सहकार, पंचायत राज, साहित्य संमेलनातील त्यांची उपस्थिती, हे सारे पुष्कळ लिहिले गेले. संरक्षण खात्यातील त्यांची चार वर्षे त्या मानाने उपेक्षित राहिली. सैन्यासाठी परदेशातून काय घ्यावे, कोणत्या अटींवर घ्यावे, त्याचा जाब संसदेला कितपत द्यावा आणि शेवटच्या चौकीवरील जवानाच्या अंगावर व पायात काय असावे, हे प्रश्न आजही दर अधिवेशनात या ना त्या रूपाने निघतात. त्या प्रश्नांना पहिल्यांदा पद्धतशीरपणे भिडावे लागले ते यशवंतरावांना. त्यांची काही उत्तरे टिकली, काही अर्धवट राहिली.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले तेव्हा यशवंत अगदी लहान होता. आई विठाबाई निरक्षर, घरची शेती जेमतेम. तिने कष्ट करून मुलांना वाढवले आणि कराडला शिकू दिले. टिळक हायस्कूलमध्ये असतानाच मुलगा स्वातंत्र्यचळवळीत ओढला गेला. १९३२ मध्ये त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये पदवी, पुण्यातून १९४१ मध्ये वकिलीची परीक्षा, जून १९४२ मध्ये वेणूताईंशी विवाह आणि दोन महिन्यांतच चले जाव आंदोलनात भूमिगत, असा हा क्रम आहे.

ज्या मातीत ते वाढले ती सैनिकांची माती होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण परतले नाहीत. घरटी एक माणूस पलटणीत, महिन्याकाठी येणारी मनिऑर्डर आणि ऐन चाळिशीच्या आत पेन्शनीवर घरी परतलेला, पुढे काय करायचे या विवंचनेतला जवान, हे चित्र यशवंतरावांना दिल्लीच्या फायलींतून कळण्याची गरज नव्हती. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर सैनिकी शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झालेली सैनिक शाळा ही देशातली या प्रकारची पहिली शाळा ठरली.

मधला राजकीय प्रवास सर्वज्ञात आहे. १९४६ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रवेश, मोरारजी देसाई यांच्या हाताखाली संसदीय सचिव, १९५२ मध्ये मंत्री, नोव्हेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा सारा रोष अंगावर घेऊन १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. अडीच वर्षांत, ऐन स्थिरावण्याच्या वेळी, नेहरूंचा दूरध्वनी आला.

तो का आला हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. संरक्षण खात्याची परदेशी खरेदी स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच संशयाच्या भोवऱ्यात सापडली होती. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ जीप आल्या आणि त्या सैन्याच्या कामाच्या नव्हत्या. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले. सरकारने मात्र १९५५ मध्ये हे प्रकरण आपल्या बाजूने मिटल्याचे जाहीर केले, पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले आणि १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. स्वतंत्र भारतातील पहिल्या संरक्षण खरेदी घोटाळ्याचा शेवट असा झाला.

मेनन यांच्यावर सगळाच दोष टाकणे अन्यायाचे होईल. स्वदेशी शस्त्रनिर्मितीचा ध्यास त्यांचा होता, आणि रशियाशी मिग-२१ विमानांची बोलणीही १९६२ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच कारकिर्दीत झाली. मात्र सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. सरसेनापती जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला, तेव्हाच काहीतरी बिघडल्याचे देशाला कळले होते. बढत्यांपासून तैनातीपर्यंत सर्वत्र वशिल्याची कुजबुज होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्याची किंमत नेफाच्या डोंगरांत मोजावी लागली. नामका चू नदीकाठी, दहा हजार फुटांहून उंच, सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घातलेले जवान पहिल्या महायुद्धापासून चालत आलेली थ्री नॉट थ्री रायफल आणि माणशी पन्नासच्या आसपास गोळ्या घेऊन चिनी सैन्याला सामोरे गेले. त्यांतले कितीतरी जण मैदानी प्रदेशातून थेट वर नेलेले होते. विरळ हवेची त्यांना सवयच नव्हती.

यशवंतराव दिल्लीत आले तेव्हा लष्करी डावपेचांचा त्यांना अनुभव नव्हता आणि तसा त्यांनी आवही आणला नाही. त्यांनी सुरू केलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. रोज सकाळी तिन्ही सेनादलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव मंत्र्यांच्या दालनात एकत्र बसू लागले. इतिवृत्त नाही, औपचारिक विषयपत्रिका नाही. आदल्या दिवशी काय घडले, काय अडले, कोणाला काय हवे, हे तोंडी सांगायचे आणि शक्यतो तिथेच निर्णय घ्यायचा. महाराष्ट्राच्या सचिवालयात मुरलेल्या प्रशासकाची ही पद्धत होती. मेनन यांच्या काळात सेनाप्रमुखांना एकमेकांकडे संशयाने पाहण्याची सवय लागली होती. रोजच्या बैठकीने ती एकदम गेली नाही, पण निदान तिघांना एकाच वेळी एकच गोष्ट ऐकावी लागू लागली. सरसेनापती जनरल जे. एन. चौधरी आणि संरक्षण सचिव पी. व्ही. आर. राव हे त्यांचे या काळातले मुख्य सहकारी. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान महाराष्ट्राच्या सेवेतले होते. या कालखंडाविषयी आज जे काही नेमकेपणाने सांगता येते, त्यातले बरेचसे प्रधान यांच्या इंग्रजी पुस्तकांमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे जवान. १९६२ च्या हिवाळ्यात देशभर बायका लोकरीचे स्वेटर आणि मोजे विणत होत्या, मंगळसूत्रे संरक्षण निधीत पडत होती. ती भावना मोठी होती, पण सैन्याला उबदार कपडे पुरवण्याची व्यवस्था लोकांच्या विणकामावर चालत नसते. डोंगराळ प्रदेशासाठी वेगळे कपडे, बूट, हलकी शस्त्रे, वेगळे प्रशिक्षण आणि सामान वर नेणारे रस्ते, असा सगळा संच एकत्र उभा करावा लागणार होता. थ्री नॉट थ्रीच्या जागी देशात बनलेली स्वयंभरण रायफल येऊ लागली. पर्वतीय युद्धासाठी दहा डिव्हिजन उभारण्याचे ठरले. अधिकाऱ्यांची मोठी तूट भरून काढण्यासाठी तातडीची कमिशन्स दिली गेली आणि महाविद्यालयांतून निघालेले हजारो तरुण काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर पलटणींत दाखल झाले. हे तरुण पुढे सेवामुक्त झाले तेव्हा त्यांचे काय, हा प्रश्न आलाच. नागरी सेवांमध्ये त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणारे नियम १९६७ मध्ये झाले. योगायोग असा, की त्या वेळी यशवंतरावच गृहमंत्री होते.

संरक्षण खर्च एका वर्षात जवळजवळ दुपटीकडे गेला. १९६३-६४ मध्ये तो आठशे कोटी रुपयांच्या वर होता. एवढा पैसा मागायचा तर आधी जे घडले त्याचा जाब द्यायला हवा, हे संसदेने बजावले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्धचा पहिलाच अविश्वास ठराव मांडला, त्यामागे नेफाची ठसठस होती.

पराभवाच्या चौकशीचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे सोपवण्यात आले होते. चौकशीची व्याप्ती लष्करी कारवाईपुरती आखलेली होती. दिल्लीतील राजकीय निर्णय, मंत्रालय, पंतप्रधानांचे कार्यालय हे तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. १९६३ च्या उन्हाळ्यात अहवाल तयार झाला आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. सुरक्षेचे कारण देण्यात आले.

हे निवेदन आज वाचले तर दोन गोष्टी जाणवतात. मंत्र्याने बरेच काही कबूल केले होते. चिनी पद्धतीच्या पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण आपल्या सैन्याला नव्हते. सामग्रीची एकूण तूट होतीच, पण जी होती तीही वाहतुकीअभावी खाली मैदानात पडून राहिली. उंचीवर नेलेल्या जवानांना तिथल्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ मिळाला नाही. गुप्तवार्तेचे संकलन समाधानकारक नव्हते. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी खालच्या स्तरावरील लढाईच्या तपशिलांत हस्तक्षेप केला. आणि उणिवा कनिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा वरच्या पातळीवर अधिक दिसल्या. हरलेल्या जवानावर खापर न फोडता बोट वर दाखवणारे हे निवेदन त्या काळात सोपे नव्हते. तरीही ते बोट सेनापतींपाशी थांबले. नेहरूंपर्यंत ते जाऊ नये, ही काळजी घेतली गेली, आणि ती घेणारे यशवंतरावच होते. ज्यांनी त्यांना दिल्लीत आणले त्या वृद्ध, खचलेल्या पंतप्रधानाविषयीची निष्ठा आणि संसदेविषयीचे उत्तरदायित्व यांत त्यांनी मध्यम मार्ग निवडला. तो समजण्यासारखा आहे. पण अहवाल बंद ठेवण्याची प्रथा तिथून जी पडली, ती पुढच्या कोणत्याच सरकारने मोडली नाही, हेही विसरता येत नाही.

आता मित्रराष्ट्रांकडे वळू. नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांच्याकडे मदत मागितली आणि अलिप्ततावादी भारताच्या विमानतळांवर अमेरिकी वाहतूक विमाने उतरू लागली. डिसेंबरमध्ये नासाऊ येथे केनेडी आणि ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी बारा कोटी डॉलरच्या तातडीच्या लष्करी मदतीवर शिक्कामोर्तब केले. त्यातला निम्मा वाटा अमेरिकेचा, निम्मा राष्ट्रकुलातील देशांचा. मदत खरी होती आणि उपयोगीही होती. पण ती एकटी आली नाही. काश्मीरबाबत पाकिस्तानशी बोलणी सुरू करावीत, हा आग्रह तिच्याबरोबर आला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या आणि त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. मिळालेली सामग्री फक्त चीनच्या आघाडीवर वापरायची, अशी अपेक्षा होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या हवाई दलांबरोबर भारतात संयुक्त सराव झाला, तेव्हा आपले आकाश दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचे काय, हा सवाल उघडपणे विचारला गेला.

यशवंतरावांना हवी होती ती आधुनिक लढाऊ विमाने. पाकिस्तानला अमेरिकेने एफ-१०४ स्टारफायटर दिली होती. तीच भारताला विकत मिळावीत म्हणून मे १९६४ मध्ये ते वॉशिंग्टनला गेले. संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांच्याशी त्यांची बोलणी झाली. अमेरिकेची भूमिका अशी, की इतकी महाग विमाने भारताला परवडणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. गरज कोणाची आणि ठरवणार कोण, हा खरा मुद्दा होता. डोंगरी सैन्यासाठी सामग्री आणि दारूगोळा कारखान्यासाठी साह्य द्यायला अमेरिका राजी होती, विमाने द्यायला नव्हती. दौरा पूर्ण होण्याआधीच २७ मे रोजी नेहरू गेल्याची बातमी आली आणि यशवंतराव अंत्यसंस्कारासाठी तातडीने परतले.

लालबहादूर शास्त्री यांनी संरक्षण खाते त्यांच्याकडेच ठेवले. ऑगस्टअखेर ते मॉस्कोला गेले. सप्टेंबर १९६४ मध्ये जो करार झाला त्यात मिग-२१ भारतात बनवण्याची व्यवस्था होती. पहिली मोजकी मिग विमाने १९६३ मध्येच चंडीगडला आलेल्या स्क्वाड्रनकडे दाखल झाली होती. आता त्यांचा सांगाडा महाराष्ट्रात, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला तयार व्हायची होती. महाराष्ट्रातली जागा होती नाशिकजवळचे ओझर. १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते, त्यामुळे कारखाना मंत्र्याच्या मतदारसंघात गेला अशी टीका होणे स्वाभाविक होते. ओझरने पुढे हजारो हातांना काम दिले, एवढे मात्र खरे. याच सुमारास, १९६४ मध्ये, भंडारा आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही दारूगोळ्याशी संबंधित आयुध निर्माण कारखाने उभे राहिले.

ब्रिटनशी व्यवहार आणखी वेगळ्या प्रकारचा होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये यशवंतराव लंडनला गेले. लिअँडर जातीच्या फ्रिगेट युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधण्यासाठी ब्रिटनने कर्ज आणि तंत्रज्ञान दिले. त्यातली पहिली, निलगिरी, १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. आधुनिक पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र परवडतील अशा अटींवर ब्रिटन पुढे आले नाही. त्या अखेर रशियाकडून घेतल्या गेल्या आणि पहिली पाणबुडी कलवरी डिसेंबर १९६७ मध्ये नौदलात आली.

तिन्ही राजधान्यांत यशवंतरावांनी एकच सूत्र धरले होते, असे या व्यवहारांकडे एकत्र पाहिले की दिसते. तयार वस्तू घ्यावी लागली तर घ्यावी, पण ती बनवण्याची विद्या सोबत मागावी. आणि एकाच दुकानावर अवलंबून राहू नये. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी संसदेपुढे पाच वर्षांची संरक्षण योजना ठेवली. सव्वाआठ लाखांचे सैन्य, पंचेचाळीस स्क्वाड्रनचे हवाई दल, सीमेवरील रस्ते आणि शस्त्रनिर्मितीचा पाया, असा तिचा आराखडा होता. खर्चाचा अंदाज पाच हजार कोटी रुपयांचा. वर्षाच्या वर्षाला गरजेप्रमाणे मागण्या करणाऱ्या खात्याने पाच वर्षांचे चित्र लोकप्रतिनिधींसमोर मांडावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. अमेरिकी मदतीची चर्चा संसदेत कडाडून झाली. रशियाशी झालेल्या करारांचे तपशील, विशेषतः किमती, बहुधा गोपनीयतेच्या आडच राहिल्या. रुपयांत फेड, सोयीचे कर्ज, यांमुळे तो व्यवहार आकर्षक होता आणि कोणी फार विचारलेही नाही. एकाच दुकानावर अवलंबून राहू नये हे सूत्र पुढच्या सरकारांनी सोडले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुट्या भागांसाठी तिन्ही दलांची जी धावाधाव झाली, तिचे मूळ तिथे आहे.

यशवंतरावांची कसोटी १९६५ मध्ये लागली. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानने अमेरिकी पॅटन रणगाडे उतरवले. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, अशी हमी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ मध्ये नेहरूंना दिली होती. भारताने निषेध नोंदवला, त्याचा परिणाम शून्य. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर आले. १ सप्टेंबरला छांब भागात रणगाड्यांचा मोठा हल्ला झाला. त्या दुपारी जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांच्या दालनात आले. हवाई दल वापरायचे तर युद्धाचा विस्तार होणार, हे तिघांनाही ठाऊक होते. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली. सूर्यास्तापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. पहिल्याच दिवशी चार जुनाट व्हॅम्पायर विमाने पडली. निर्णयाची किंमत लगेच कळली, तरीही निर्णय बदलला नाही.

८ सप्टेंबरला अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. ब्रिटननेही हात आखडता घेतला. नासाऊत जाहीर झालेली मैत्री तीन वर्षांनी अशी गोठली. पाकिस्तानचे सारे शस्त्रागार अमेरिकी असल्याने त्याला फटका अधिक बसला. भारताला तुलनेने कमी बसला, कारण आपली सामग्री अनेक ठिकाणची होती आणि काही घरची होती. बंगळुरूत बनलेल्या छोट्या नॅट विमानांनी सेबर पाडली. खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांची स्मशानभूमी झाली आणि तिथे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने रणगाडे उडवताना प्राण दिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. नौदलाला युद्धापासून जवळजवळ दूरच ठेवले गेले आणि पाकिस्तानी नौका द्वारकेवर तोफा डागून निघून गेल्या. त्याहून गंभीर बाब दारूगोळ्याच्या हिशेबाची. युद्धबंदी मान्य करावी की आणखी काही दिवस लढावे, या विचारात शास्त्री असताना, दारूगोळा बहुतांशी संपत आल्याचे सरसेनापतींनी सांगितले. आघाडीवरील साठ्यापैकी प्रत्यक्षात एक पंचमांशही वापरला गेला नव्हता, हे मागाहून उघड झाले. युद्धबंदी २३ सप्टेंबरला झाली. सेनापतींच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हे मेनन यांच्या अनुभवातून घेतलेले धोरण यशवंतरावांनी कटाक्षाने पाळले. पण ढवळाढवळ न करणे आणि कोठारातील आकडे पडताळून न पाहणे यांत फरक आहे. तो त्या आठवड्यात पुसट झाला.

जानेवारी १९६६ मध्ये ते शास्त्रींबरोबर ताश्कंदला होते. करारावर सही झाली, त्याच रात्री शास्त्री गेले. जिंकलेली हाजी पीर खिंड परत गेली, याची बोच सैन्यात दीर्घकाळ राहिली. नोव्हेंबर १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना गृहखात्यात हलवले. संरक्षण खाते सोडण्यापूर्वी, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत संरक्षणविषयक अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती. नोकरशाही आणि सेनाधिकारी यांच्याबाहेर कोणीतरी या विषयाचा अभ्यास करावा, खर्चाची चिकित्सा करावी, ही कल्पना तेव्हा दुर्मीळ होती. या संस्थेला २०२० मध्ये मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले.

पर्रीकरांचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. यशवंतराव जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ या काळात अर्थमंत्री होते. तिसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल १९७३ मध्ये आला आणि निवृत्तिवेतनाच्या बाबतीत सैनिकांना नागरी कर्मचाऱ्यांच्या चौकटीत आणण्यात आले. त्यापूर्वी जवानाला अखेरच्या वेतनाच्या सुमारे सत्तर टक्के निवृत्तिवेतन मिळे, ते पन्नास टक्क्यांवर आले, असे माजी सैनिकांच्या संघटना सातत्याने सांगत आल्या आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा कारकून आणि पस्तिशीत घरी येणारा शिपाई यांना एकाच मापाने मोजले, ही त्यांची तक्रार आहे. देश तेव्हा दुष्काळ, बांगलादेशच्या निर्वासितांचा भार आणि तेलाचे भडकलेले भाव यांत सापडला होता, हे खरे. पण सैन्यभरतीच्या मुलखातून आलेल्या, जवानाच्या बुटांची चिंता वाहिलेल्या नेत्याच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात हे घडावे, हे खटकते. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी माजी सैनिकांनी पुढे चाळीस वर्षे अर्जविनंत्या केल्या, पदके परत केली, जंतरमंतरवर उपोषणे केली. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सप्टेंबर २०१५ मध्ये ती मागणी मान्य झाल्याची घोषणा झाली आणि तिचा लाभ १ जुलै २०१४ पासून देण्यात आला. त्या वेळी साताऱ्याच्या खेड्यांत १९६२ आणि १९६५ लढलेल्यांपैकी थोडेच उरले होते.

यशवंतरावांची पुढची वाटचाल चढउतारांची झाली. परराष्ट्रमंत्री, १९७७ नंतर लोकसभेतील विरोधी पक्षनेते, १९७९ मध्ये चरणसिंग यांच्या अल्पजीवी सरकारात उपपंतप्रधान, मग काँग्रेसमध्ये परतल्यावर वाट्याला आलेले एकाकीपण आणि आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ चंडीगडला झाला, जिथे १९६३ मध्ये त्याची सुरुवात झाली होती. हेंडरसन ब्रूक्स अहवालाचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी मार्च २०१४ मध्ये इंटरनेटवर ठेवला. भारत सरकारने तो अधिकृतपणे आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्यातील मजकूर अजूनही लष्करीदृष्ट्या संवेदनशील असल्याचे संसदेत सांगितले होते.

यशवंतरावांच्या १९६५ च्या युद्धकाळातील दैनंदिनीवर आधारलेले प्रधान यांचे पुस्तक २००७ मध्ये आले. स्वतः यशवंतरावांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते. कृष्णाकाठ हा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४६ पाशी थांबला. दिल्लीच्या वर्षांचा खंड लिहायचा राहून गेला.